चार नंबरचा डाग

४ मार्च, मंगळवार

प्रिय आत्या,

नमस्कार. तू बरी असशील, गुडघे कुरकुरत असतील, आणि पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते दोन दिवस मुद्दाम न उघडता टीव्हीवर ठेवलं असशील, असं धरून चालते.

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणजे काहीतरी मागायला आलं, असं तुला वाटेल. वाटू दे. मागायचं आहेच, पण ते शेवटी. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला खरं बोलता येत नाही.

माझं उत्तम चाललंय. नवी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली एका बाजूला बेकरी, तिथे पहाटे पाचला भट्टीचे पत्रे असे आदळतात की मी अंथरुणात उठून बसते. दुसऱ्या बाजूला लाँड्री. समोर दातांचा डॉक्टर. सकाळी कॉफी घेऊन खिडकीत बसलं की समोर कोणीतरी भलामोठा जबडा उघडून पडलेलं असतं. त्या माणसाकडे बघत नाश्ता करायची मला आता सवय झालीय.

ब्लॉग जोरात आहे. ब्लॉग म्हणजे काय ते मी तुला समजावलं होतं तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘म्हणजे डायरीच, पण चौकात उभं राहून वाचायची.’ तर आता चौकात नव्वद हजार माणसं आहेत. गेल्या महिन्यात तीन द्राक्षमळे फिरले. प्रत्येक मालक आपलं पिंप थोपटून दाखवतो आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो. मी डोळे मिटते, हं म्हणते, पुन्हा हं म्हणते. जेवणाचं म्हणशील तर सूप गार होईपर्यंत फोटो काढायचे आणि मग त्या गार सूपबद्दल ‘ऊब देणारं’ असं लिहायचं. बाबा म्हणतात, हिचे सगळे उद्योग असेच. पण मित्रांना माझे व्हिडिओ पाठवतात, हे मला आईने सांगितलं.

हो, एक गंमत सांगायची राहिली. खालचे लाँड्रीवाले काका बाबांच्या वयाचे आहेत. थेंबभर पीत नाहीत. मी आपली सहज त्यांना ग्लास हुंगायला देते. पहिल्यांदा त्यांनी नाक घातलं, विचार केला आणि म्हणाले, “ताई, हा शर्ट लग्नाला जाऊन आलाय आणि धुवायला टाकायचा राहून गेलाय.” मी ते जसंच्या तसं लिहिलं. लोक वेडे झाले! दुसऱ्या दिवशी एका पांढऱ्या वाइनला म्हणाले, “कडक स्टार्चची चादर. पाहुणे यायचेत, अजून कोणी बसलेलं नाही.” आठवड्याभरात एका बड्या समीक्षकाच्या लेखात स्टार्च आला. आता सगळेच स्टार्च लिहितात. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पंधरा तारखेला मोठी स्पर्धा आहे. पाच छोटे वाइन करणारे, पाच झाकलेल्या बाटल्या, तीन परीक्षक, आणि मुख्य परीक्षक तुझी भाची. सगळं थेट प्रक्षेपण.

तर मागणं असं. तुझी ती वासांच्या बारा बाटल्यांची लाकडी पेटी अजून आहे का? साबणाच्या कारखान्यात नव्या मुलींची नाकं तू जिच्यावर घासूनपुसून तयार करायचीस, ती. मलाही सातव्या वर्षापासून तिच्यावरच बसवलं होतंस आणि चुकले की ‘नकटे, पुन्हा!’ म्हणून टपली मारायचीस. मला मध्ये थोडी सर्दी झाली होती. बरी झाली. सहज आपली उजळणी करावी म्हणते. पाठवलीस तर बरं होईल. नाही पाठवलीस तरी काही बिघडत नाही.

पण पाठव.

दोन वर्षांपूर्वी तू माझा ग्लास बेसिनमध्ये ओतलास आणि ‘दारूच्या जाहिराती करायला नाक दिलं नव्हतं’ म्हणालीस, ते मी विसरलेय. म्हणजे रोज आठवतं, पण राग विसरलेय.

तुझी,
नकटी

•

१९ मार्च, बुधवार

प्रिय आत्या,

उत्तर नाही, पेटी नाही. बरोबरच आहे तुझं. मीही तसल्या पत्राला उत्तर दिलं नसतं.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं नाक बंद पडून पाच महिने झाले, तोंड आज उघडतेय. आत्या, मला वास येत नाही. अजिबात नाही. ती ‘थोडी सर्दी’ ऑक्टोबरात आली आणि जाताना सगळं घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणार नाही. रोज त्याच त्या आठ-दहा वस्तू हुंगत बसा, नाकाला व्यायाम द्या. म्हणून पेटी हवी होती. वाइन मला आता आंबट पाणी लागते, महाग असली तर थोडं जास्त आंबट. गेल्या पाच महिन्यांत मी जे जे लिहिलं, ते सगळं लाँड्रीवाल्या काकांचं नाक आहे. त्यांना वाटतं मी त्यांची परीक्षा घेते. मी फक्त लिहून घेते.

आता शनिवारचं सांगते. वाचून झाल्यावर हवं तर हे पत्रही बेसिनमध्ये टाक.

काकांना मी पहिल्या रांगेत बसवलं. सगळ्यांना सांगितलं, माझे मामा. पाच कोरे पांढरे रुमाल घेतले. बेत असा की, घोट घेतल्यावर ओठ टिपायच्या निमित्ताने रुमाल ग्लासात बुडवायचा आणि मामांकडे द्यायचा. त्यांनी हुंगून मान हलवायची. वर-खाली म्हणजे चांगली, आडवी म्हणजे बिघडलेली. काका बिचारे म्हणाले, “ताई, हे काय आहे?” मी म्हटलं, स्पर्धेची पद्धत आहे. माणूस इतका साधा की पद्धत म्हटल्यावर गप्प बसला.

पहिले तीन रुमाल सुरळीत गेले. चौथी वाइन काळसर लाल होती. मी रुमाल दिला. काकांनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जशी जवळच्या कोणाची वाईट बातमी कळावी. रुमाल चोळला, पुन्हा पाहिला, आणि माझ्याकडे बघून हळूहळू मान आडवी हलवली. दोनदा.

मी कॅमेऱ्याकडे वळले आणि म्हणाले, “चार नंबर बिघडलीय. बुचाला बुरशी. ओल्या पुठ्ठ्याचा वास.”

शेजारच्या दोन परीक्षकांनी आधी तिला आठ गुण दिले होते. त्यांनी पुन्हा ग्लास उचलले. एक म्हणाले, “हो, पुठ्ठा आहे खरा.” दुसरे म्हणाले, “मला तर पहिल्या घोटालाच शंका आली होती.” आठाचे दोन झाले. माझ्या व्हिडिओचा तो तुकडा संध्याकाळपर्यंत दोन लाख लोकांनी पाहिला. खाली शेरे: ‘याला म्हणतात नाक!’

बाहेर आल्यावर काका कोपऱ्यातल्या नळावर उभे. शर्टाच्या खिशात ते कायम डाग काढायची बाटली ठेवतात. चौथा रुमाल पिळत होते.

“काका, इतकी वाईट होती का हो?”

“काय वाईट?”

“चार नंबरची वाइन!”

“वास घ्यायचा राहिला की ताई. मी डाग बघत होतो. पांढऱ्यावर असा पक्का रंग तीस वर्षांत बघितला नाही. म्हटलं, हा काय आपल्याच्याने निघत नाही. म्हणून तुम्हाला मान हलवून सांगितलं, रुमाल गेला.”

मी परत आत जाऊन चार नंबरची उरलेली बाटली घेऊन आले. घरी पोचल्यावर काकांनी ती हुंगली. मग म्हणाले, “आईच्या ट्रंकेतलं लुगडं. वर्षातून एकदाच काढायची ते.”

चार नंबर टेकडीवरच्या एका नवरा-बायकोची. दोघंच राबतात. सात वर्षं वेली वाढवल्या आणि हे त्यांचं पहिलं पीक बाटलीत भरलेलं. दुकानांनी खोकी परत पाठवलीत. काल बायकोचा मला निरोप आला. शिव्या असतील म्हणून मी अर्धा तास उघडला नाही. त्यात लिहिलं होतं, ‘ताई, तुम्ही म्हणालात म्हणजे खरंच असणार. आम्हाला कळलं नाही, आमची नाकं अडाणी. फक्त एवढं सांगा, दोष बुचात होता की पिंपात? उरलेली तीन पिंपं आम्ही सोमवारी ओतून देणार आहोत. पुढच्या वर्षी तीच चूक नको व्हायला.’

आत्या, मला रडू आलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी संध्याकाळी सहाला माझा नेहमीचा थेट कार्यक्रम असतो. त्यात खरं सांगितलं, तर माझं काम गेलं आणि नव्वद हजार माणसांसमोर अब्रूही. नाही सांगितलं, तर सोमवारी तीन पिंपं जातात. त्या दोघांना गुपचूप कळवता येईल, पण दुकानं गुपचूप ऐकत नाहीत. चार दिवस मी फक्त भिंतीकडे बघतेय आणि समोर लोक दात काढून घेतायत.

माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, हे विचारायची गरज नाही. तू तीस वर्षांत एक खोटा साबण पास केला नाहीस. अख्खा कारखाना तुला नाकबाई म्हणायचा. म्हणूनच तुला लिहायला पाच महिने लागले.

तुझी,
(आता खरोखरची) नकटी

•

२५ मार्च, मंगळवार

नकटे,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं टीव्हीवर दोन नाही, चार दिवस होतं.

ते वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. खाली बेकरी आहे म्हणतेस, आणि पत्र्यांचा आवाज लिहितेस! लाँड्री, कॉफी, तीन द्राक्षमळे, सूप, आणि एवढ्या पत्रात तुझा स्वतःचा एक वास नाही. सात वर्षांची असताना तू पोस्टमनला सांगायचीस की तुमच्या पिशवीत ओला कुत्रा बसला होता. ती मुलगी असं पत्र लिहील होय?

रविवारी पावणेसहालाच शेजारच्या नर्सबाईंकडे जाऊन बसले. त्यांनी फोन डब्याला टेकवून उभा केला आणि आवाज इतका वाढवला की खालचा वॉचमन वर आला. तू सुरुवातीला चार मिनिटं नुसती इकडचं तिकडचं बोललीस. तेव्हा मी मनात म्हटलं, पळतेय कार्टी. मग तू थांबलीस, नाक ओढलंस आणि म्हणालीस, “मला पाच महिने वास येत नाही. चार नंबर बिघडलेली नव्हती. मी खोटं बोलले.” नर्सबाईंनी माझा हात धरला. मला धीर द्यायला असं त्या म्हणतात. त्यांना काय, त्या कुणाचीही नाडी बघतात.

लोक काय वाट्टेल ते लिहायला लागले. ढोंगी, चोर, आणि एकाने काहीतरी असं लिहिलं की नर्सबाईंनी वाचून दाखवलं नाही. आकडा खाली येताना मी स्वतः पाहिला. नव्वदाचे एकेचाळीस हजार झाले. पण तुझ्या त्या लाँड्रीवाल्याने तो रुमाल कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाला, “हा मी आठ वेळा धुतला. निघत नाही. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नाही.” तिथे मी हसले. वॉचमन पण हसला. काल नर्सबाईंनी सांगितलं की टेकडीवरच्या दोघांनी पिंपं ओतली नाहीत, आणि लोक आता दुकानात जाऊन ‘ती डागवाली द्या’ म्हणतात. लोक म्हणजे लोक. पंधरवड्यात तिसरं काहीतरी मागतील.

आता माझं ऐक. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बापालासुद्धा नाही.

निवृत्त व्हायच्या चार वर्षं आधी माझं नाक गेलं, ते परत आलंच नाही. सर्दी नाही, काही नाही, हळूहळू गेलं. पॅकिंगमध्ये एक बाई होती, भुवया जाड. साबण तिच्या नाकाशी न्यायचा आणि तिच्या भुवया बघायच्या. वर गेल्या की पास, जुळल्या की नापास. चार वर्षं मी त्या भुवयांवर लाखो साबण पास केले. एकदा तिचं घरी भांडण झालं होतं आणि दिवसभर भुवया जुळलेल्याच. मी चंदनाच्या साबणाचा अख्खा घाणा नापास केला. ज्याने तो बनवला होता त्या पोराची बढती हुकली. तो नंतर नोकरी सोडून गेला. मी गप्प बसले. निरोपसमारंभात मला चांदीचं नाक दिलं, ते कपाटात उलटं ठेवलंय.

आणि तो ग्लास. दोन वर्षांपूर्वी तू एवढ्या आनंदाने आलीस, ग्लास माझ्या नाकाशी धरलास आणि म्हणालीस, “आत्या, सांग बघू, काय काय येतं?” मला काहीच आलं नाही ग. तू तोंडाकडे बघत होतीस. मग मी ओरडले, दारू म्हणाले, जाहिरात म्हणाले, आणि ओतून टाकला. तुझं काही चुकलं नव्हतं. मला तुझ्यासमोर नापास व्हायचं नव्हतं. मला माफ कर.

मी चार वर्षांत जे बोलले नाही ते तू चार दिवसांत बोललीस. तेव्हा मी काय केलं असतं, हे मला पुन्हा विचारू नकोस.

पेटी पाठवत नाही. आहे, पुसूनही ठेवली आहे. पण बाटल्यांमध्ये अजून वास आहेत की नुसतं पाणी राहिलंय, हे मला कळत नाही. तूच ये. चार दिवस राहा. आपण दोघी समोरासमोर बसून रोज व्यायाम करू आणि एकमेकींना टपल्या मारू. येताना त्या लाँड्रीवाल्याला घेऊन ये. बारा बाटल्या आणि दोन बंद नाकं. घरात कोणीतरी खरं सांगणारं हवं.

वाइनची एक बाटली आण. चार नंबरची. ती मी ओतणार नाही.

तुझी, आणि तुझ्याइतकीच नकटी,
आत्या