घाटावर न दिलेला शब्द

चिखली, ता. ८ एप्रिल १९५७

चि. सौ. कुसुम हीस भाऊचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपल्या आबांचं तेरावं परवा पार पडलं. तू अवघडलेली, म्हणून आली नाहीस ते बरंच झालं. पण एक गोष्ट मन खाते आहे, ती तुला नाही तर कोणाला लिहू?

दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर पाच-सहा बसले होते, एकही खाली उतरला नाही. आपल्या थोरल्या दादांनी हात जोडून शब्द दिला, रस्त्याकडची जमीन कारखान्यांना विकणार नाही. सयाजीकाकांनी बैलजोडी मोडणार नाही म्हणून सांगितलं. मी तर पिंपरीची नोकरी सोडतो म्हणालो. नशीब माझं, त्यालाही कावळा आला नाही! शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तेव्हापासून दादा पानावर बसतात आणि तसेच उठतात.

आबांचं काय राहिलं असेल? आई बाळंत व्हायची तेव्हा ते ओसरीवर वाखाचा दोर वळत बसायचे. माझ्या वेळी सहा हात झाला, तुझ्या वेळी तेहतीस. मी पहिल्यांदा कामावर गेलो, तर शिफ्ट सुटेपर्यंत फाटकाबाहेर बसून राहिले. पहारेकऱ्याने हटकलं तेव्हा म्हणाले, आमचं लेकरू आत आहे. लेकरू तेवीस वर्षांचं!

तुझ्याशी ते मोकळेपणाने बोलत. काही बोलले होते का? आणि तू बाळंतपणाला अजून का आली नाहीस? आई रोज विचारते. जड उचलू नकोस. भावाची आठवण असू दे.

तुझा भाऊ,
उद्धव

चाकण, ता. ११ एप्रिल १९५७

ती. भाऊ यांस कुसुमचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग तुमचा रागही आला. घाटावर सगळे पुरुष, म्हणून जमीन, बैल आणि नोकरी! आईला विचारलं असतंत तर तिला निदान अंदाज तरी आला असता. सगळं मात्र तिलाही ठाऊक नाही, कारण आबांनीच ते लपवलं.

गेल्या साली कांदा काढणीच्या दिवसांत ते मला पहिल्या बाळंतपणाला न्यायला दोनदा गाडी घेऊन आले. दोन्ही वेळा सासूबाई म्हणाल्या, कांदा निघाल्यावर पाठवू. दोन घरांत वाकडं येऊ नये म्हणून आबांनी तुम्हाला सांगितलं, की कुसुमच यायला तयार नाही. मग बाळ आडवं आलं आणि गेलं. त्यानंतर भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, की मी तिसऱ्यांदा यायला हवं होतं. यंदा होळी झाल्याबरोबर गाडी जुंपून आले, तेव्हाही रिकामे परत गेले. आठवड्याभरात त्यांची बातमी आली.

कावळ्याची गोष्ट चिखलीच्या गाडीवाल्यांनी इथल्या बाजारात पोचवली आहे. आता सासूबाई म्हणतात, अशा घरी पोटुशी सून पाठवायची नाही. काल सुईण पोट चाचपून म्हणाली, हेही आडवंच लागतंय. भाऊ, मला इथे बाळंत व्हायची फार भीती वाटते.

थोरांना नमस्कार सांग. लोभ आहेच, आता त्याची गरजही आहे.

तुझी,
कुसुम

चिखली, ता. १४ एप्रिल १९५७

चि. सौ. कुसुम हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दादांना वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ते उठले आणि गाडीच्या चाकांना वंगण घालायला लागले. कावळ्यापुढे आम्ही नाही नाही ते बोललो आणि तुझं नाव कोणीच घेतलं नाही, याची लाज वाटते.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं आहे. त्या म्हणतात, मूल आडवं असेल तर आधीच पुण्याला न्या. रविवारी २८ तारखेला मी गाडी घेऊन येतो. सासूबाई नाही म्हणाल्या तर दारात बसून राहीन. यशवंतराव दाजींनी हे पत्र आपल्या आईला वाचून दाखवलं तरी हरकत नाही. धीर सोडू नकोस.

उद्धव

चाकण, ता. १७ एप्रिल १९५७

उद्धवराव यांस अंबुबाईचा रामराम.

मी सांगते आन् माझा यशवंता लिहितो. बोलते तसंच लिही म्हटलंय.

तुमचं पत्र वाचून दावलं त्यानं. कुसुमनं तुमास्नी सगळं लिहिलं नसंल, कारन ती घरात व्हती आन् मी मळ्यात. गेल्या साली दुसऱ्यांदा तुमचं आबा आलं, तवा मी न्हाई म्हनल्यावर ते उठून आमच्या कांद्यात शिरलं. म्हनाले, कांदा सरला की पोर सुटंल. दिस मावळंस्तवर काढनी केली. मी ताक दिलं तर घेतलं न्हाई. लेकीला मूल हुईस्तवर तिच्या घरचं पानी चालत न्हाई, म्हनाले. तसंच तहानेलं गेलं. तरी मी पोर धाडली न्हाई.

गेला तो नातू माझाबी व्हता. कावळ्याचं मी निमित्त केलं. खरं सांगते, तुमच्या घरी ही सुखरूप सुटली, तर गाव म्हनंल पयलं लेकरू सासूनंच घालवलं. त्याचं मला भ्या वाटत व्हतं.

तुमचा अठ्ठाविसाचा रविवार लई लांब हाय. या शनवारी सकाळच्या एस.टी.नं आमी मोशीला उतरतो, तितं गाडी लावा. कुसुमसंगं मीबी येते, पुन्याला न्यावं लागलं तर तितंबी. सुनेच्या बाळंतपनाला सासूनं व्याह्याच्या घरी ऱ्हायाचं, अशी रीत कुटंच न्हाई, ठाव हाय मला. घरात घेतलं तर तिच्या उशाशी बसंन. न्हाई घेतलं तर दाराभाईर बसंन. पर मला माघारी लावू नका.

अंबुबाईचा आंगठा