खोली नंबर चारची हरकत

१२ एप्रिल, दुपारी १
ट्रस्टचं बिल आलं. भाडं नऊशे, ते ठीक. खाली 'पाणी, टँकर व मोटर' म्हणून सहाशे चाळीस! थंडीत हेच दोनशे होतं. मागच्या उन्हाळ्यातही असंच चढवलं आणि दिवाळीनंतर गुपचूप उतरवलं. मागच्या वर्षी मी गाफील होतो. आता नाही.

बोर्डावर लिहिलंय: सावली निवास ट्रस्ट, अकोला. गरजू व निवृत्तांना अल्प भाड्यात घरे. बोर्डावर काय, काहीही लिहिता येतं. अठरा खोल्या, एक बोअर, गच्चीवर एक टाकी, आणि पाण्याचा खर्च अठरा जणांत सारखा वाटायचा. ही अक्कल कोणाची, देव जाणे. बाकी सतरा खोल्यांत बिलाची मागची बाजू वाचणारा एक माणूस नाही. जे येईल ते भरतात आणि पानठेल्यावर जाऊन कुरकुरतात.

मी एकतीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. गाडीतला कापूस चिमटीत धरला की ओल किती ते सांगायचो. मशीन नंतर आलं. तेही माझ्याशी सहमत व्हायचं. आणि ही मंडळी मला फसवणार?

निश्चय: बिल भरायचं नाही. भाडंही अडकवायचं. ही वही फक्त या लढ्यासाठी. चहा दोनच वेळा.

सौ. कूलरबद्दल काहीतरी म्हणत होती. म्हटलं, आत्ता नको.

१३ एप्रिल
४३ डिग्री. कूलरसमोर बसून चार पानी अर्ज लिहिला. या वसाहतीत कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत न बसणारा मी एकटा. गच्चीवरच्या टाकीवरून डायरेक्ट पाइप आणलाय, स्वतःच्या हातानं. कूलरच्या आतला तरंगता बॉल सारखा वर अडकायचा आणि पाणी बंद पडायचं, म्हणून तो तारेनं खाली बांधून टाकला. दोन उन्हाळे झाले, कटकट नाही. प्लंबरनं चारशे घेतले असते आणि तरी जमलं नसतं.

चहा चार वेळा झाला. अर्ज मोठा होता.

१६ एप्रिल
ट्रस्टच्या ऑफिसात गेलो. व्यवस्थापक म्हणून आरती मॅडम नावाची मुलगी बसवलीय. वय सत्तावीस, अनुभव शून्य, समोर लॅपटॉप. मला काका म्हणाली. मी हिचा कुठला काका?

तिचं म्हणणं, रोज एक टँकर विकत घ्यावा लागतो, टाकी भरली की चार तासांत खाली होते, मुख्य पाइपलाइन दोनदा तपासली, दोष सापडत नाही, कोणाच्या घरात गळती असेल तर सांगा. मी म्हटलं, गळती तुमच्या कारभारात आहे. मग तिनं नियम नऊ वाचून दाखवला: तीन महिने थकबाकी झाली तर खोलीचं वाटप रद्द. वेटिंग लिस्टवर साठ नावं आहेत म्हणे. म्हटलं, नियम मला शिकवू नका.

रस्त्यावर आल्यावर वाटलं, हे वाक्य जरा मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

२१ एप्रिल, संध्याकाळी
वसाहतीची सभा बोलावली होती. हजर: मी आणि वरच्या अकरा नंबरचे किसनराव. हे दर्यापूरकडचे. कधीकाळी यांच्या गाडीला मी ओल म्हणून खालचा ग्रेड लावला होता. पंचवीस वर्षं झाली, गृहस्थ अजून विसरले नाहीत. भाषण ऐकून झाल्यावर म्हणाले, साहेब, तुमच्या मांगची नाली सारा उन्हाळा वाहून रायली, तिच्यात पाहा काय हाय ते.

नालीत म्हणे पाहा. दूरदृष्टी म्हणून नाही या लोकांना. अशा माणसांसाठी मी रक्त आटवतोय.

२६ एप्रिल
गुन्हेगार सापडला!

शेजारच्या पाच नंबरची चतुराबाई. झेडपीच्या शाळेत खिचडी शिजवते. शाळेच्या नळाला पाणी नाही म्हणून खिचडीची गंजं घरी आणून घासते. दोन गंजं, एकेकात माणूस बसेल. ट्रस्टचं पाणी, घासते शाळेची भांडी, आणि पैसे भरायचे अठरा जणांनी! इतके दिवस डोळ्यांसमोर होतं.

आजच लेखी तक्रार दिली, नाव व खोली नंबरसकट. शिवाय मागणी केली: घरटी स्वतंत्र मीटर लावा. ज्याचं पाणी त्याचं बिल. एका फटक्यात सगळ्यांची अंडीपिल्ली बाहेर.

सौ.ला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, गंज घासायला दोन बादल्या लागतात, अन् तुमच्या कूलरचं... म्हटलं, तू मधे बोलू नको. ती गप्प बसली. तिला मुद्दा कळला असावा.

३ मे
४५ डिग्री. शाळेला सुट्टी लागली. गंजं बंद. तरी टँकर रोज येतोय. म्हणजे बाई सुट्टीतही काहीतरी घासते. चौकशी करायला हवी.

मनाला बरं वाटावं म्हणून संध्याकाळी घरामागं केळीजवळ बसलो. सगळ्या अकोल्यात गवत जळालंय आणि माझी केळ पहा, तुकतुकीत, हातभर घड लागलाय. खाली अळू माजलंय. मी पाणी घालायला एक दिवस गेलेलो नाही. काही हातांतच गुण असतो.

मागच्या भिंतीचा रंग मात्र पोपडे धरून पडतोय. ट्रस्टनं हलका माल वापरला, दुसरं काय. अर्जात मुद्दा क्र. १४ घातला.

९ मे
अमरावतीला मुख्य कार्यालयात जाऊन आलो. अध्यक्षांना थेट भेटायचं ठरवलं होतं. मी घर कसं राखतो याचा पुरावा म्हणून केळीचं अख्खं पान नेलं. बसमध्ये कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं. मूर्ख विनोद.

अध्यक्षांकडे दोन तास बसवून ठेवलं. तेवढ्यात शिपायानं ते पान मधोमध फाडलं आणि त्यावर झुणका-भाकर घेऊन बसला. सुशिक्षित लोकांच्या ऑफिसात ही तऱ्हा.

अध्यक्षांना मोबाईलवर केळीचा फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, या उन्हात एवढी केळ? पाणी कुठून देता? मी म्हटलं, साहेब, पाण्यापेक्षा माया लागते. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि माझा खोली नंबर लिहून घेतला. प्रभाव पडला.

१४ मे
विजय! ट्रस्टचं पत्र. अठराही खोल्यांना मीटर मंजूर. १ जून ते १५ जून चाचणी. रीडिंगच्या वेळी रहिवाशांचा प्रतिनिधी व साक्षीदार म्हणून 'अर्जदार श्री. सहदेव' यांनी हजर राहावं.

खाली आणखी एक ओळ: पाच नंबरच्या खोलीचा करार १ जूनला संपतो, त्याचं नूतनीकरण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबवलंय. बरोबरच आहे. कायदा सगळ्यांना सारखा.

पेढे आणायला निघालो होतो, पण ऊन फार होतं.

२० मे
चतुराबाई आली होती. माझ्याकडं नाही, सौ.कडं. दोघी दाराशी बसल्या. मी आत वर्तमानपत्र धरून ऐकत होतो. बाई म्हणत होती, पोरीचं, आचलचं, नर्सिंगचं शेवटचं साल हाय, खोली गेली त मी तिले घेऊन कुठी जाऊ? भाऊले सांगून पाहा ना एकडाव. आवाज चढवला नाही, रडली नाही. तेवढंच सांगितलं आणि पदरानं तोंड पुसून गेली.

या लोकांना भावनेत गुंडाळायची सवय असते. ग्रेडरनं भावनेवर काटा लावला असता तर केंद्र बुडालं असतं.

संध्याकाळी सौ.नं ताट पुढ्यात सरकवलं. भाजीत मीठ नव्हतं. मी तेही खाल्लं.

२९ मे
मीटर बसवायला धर्मेंद्र नावाचा प्लंबर आलाय. आमच्या लाइनवर मीटर लावताना त्याला गच्चीवरून येणारा कूलरचा पाइप दिसला. विचारतो, काकाजी, हा कायचा पाइप हाय? याले बी मीटरच्या अलीकडून घेऊ का पलीकडून?

म्हटलं, सगळं मीटरमधून ने. माझ्याकडं लपवण्यासारखं काही नाही. मग तो कूलरच्या जाळीतून डोकावून, बॉल पाहू काय, म्हणाला. म्हटलं, तू मीटर लाव. चारशे उकळायचे धंदे मला माहीत आहेत. त्यानं खांदे उडवले.

८ जून
मीटरचा काटा आमच्याकडं जरा जोरात फिरतो. नवीन असल्यामुळे. पहिल्या पहिल्यांदा कापसाचं मशीनही असंच करायचं.

१५ जूनचं भाषण तयार केलं. सुरुवात: मित्रहो, आकडे खोटं बोलत नाहीत. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता तरी एकदा त्या बॉलचं पाहाल काय? म्हटलं, हे विषय सोडून बोलणं झालं.

१५ जून, सकाळी ७
इस्त्रीचा शर्ट. ग्रेडिंगच्या दिवसांतला चष्मा. भाषण खिशात. आज चतुराबाईचं पितळ उघडं पडणार. तिच्याबद्दल मनात राग नाही. शिस्त लागली की पुरे.

१५ जून, दुपारी
लिहायचं मन नाही. तरी लिहितो, नोंद असावी.

सगळी वसाहत जमली होती. सभेला कधी इतके आले नव्हते. आरती मॅडम म्हणाल्या, काका, तुम्हीच साक्षीदार आहात, तुम्हीच मोठ्यानं वाचा. मी वाचत गेलो. एक नंबर, तेवीसशे लिटर. दोन नंबर, सव्वीसशे. तीन नंबर, एकवीसशे. चार नंबर मी पाच नंबरच्या नंतर घेतो म्हटलं, पण मॅडम म्हणाल्या क्रमानं घ्या.

चार नंबर, बावीस हजार चारशे.

मला वाटलं शून्य जास्त वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आवाज आपोआप मोठाच निघाला, एकतीस वर्षांची सवय. पाच नंबर, एकोणीसशे. अठरा खोल्यांत सगळ्यांत कमी.

मी म्हटलं, मीटर खराब आहे. धर्मेंद्र सरळ आत गेला आणि कूलरच्या पाइपचा कॉक बंद केला. बाहेर मीटरचा काटा जागीच थांबला. मग त्यानं जाळी काढून माझी तार दाखवली. बॉल खाली बांधलेला, पाणी दिवसरात्र येतंय, कूलर भरून मागच्या भोकातून भिंतीवरून केळीत आणि केळीतून नालीत. दोन उन्हाळे.

किसनराव घरामागं गेले. भिंतीला पंजा लावला, हात वर करून सगळ्यांना दाखवला. मग म्हणाले, साहेब, या भिंतीले हात लावून पाहा जरा. कोनता ग्रेड देता?

लोक हसले. चतुराबाई मागं उभी होती. ती हसली नाही, तिनं मॅडमना एवढंच विचारलं, मंग माहा करार व्हईन ना? मॅडम म्हणाल्या, आजच होईल. भाषण खिशातच राहिलं, घामानं भिजलं.

१६ जून
थंड डोक्यानं विचार करता दोष बॉल बनवणाऱ्या कंपनीचा आहे. ग्राहक मंचात जाता येईल. पावती सापडत नाही.

१८ जून
ट्रस्टचं पत्र. एप्रिल-मे असं दोन महिन्यांचं थकलेलं भाडं आणि जादा पाण्याचा आकार, सहा हप्त्यांत. मॅडमनी खाली पेननं लिहिलंय, काका, खोलीची काळजी करू नका. मी पत्र दोनदा वाचलं आणि सौ.ला दिलं. तिनं घडी घालून देवामागं ठेवलं. बॉलबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

कूलरमध्ये आता बादलीनं पाणी घालतो. कंबर धरली.

२७ जून
पाऊस नाही. अळू आठ दिवसांपूर्वीच गेलं. केळीची पानं कडेनं वाळली, घड काळा पडायला लागलाय. सौ. म्हणाली, एक बादली घाला. म्हटलं, काटा फिरतो. हात लावायचा नाही.

शाळा कालपासून सुरू झालीय. सकाळी सहाला खिडकीतून पाहिलं. चतुराबाई काल शाळेची गंजं विसळलेलं पाणी बादलीत जपून ठेवून केळीच्या बुडाशी ओतत होती. हळूहळू, थेंब बाहेर जाऊ न देता. तिच्या मीटरचं पाणी. मी बाहेर गेलो. माफी मागायची असं दारापर्यंत ठरलं होतं. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, घड लागला हाय भाऊ, असी कसी मरू द्याव तिले?

मी म्हटलं, भिंतीपासून जरा लांब ओता, ओल येते.

ती बरं म्हणाली आणि बादली लांब सरकवली.