उभं राहून मत

रविवार, संध्याकाळ. नाशिक रोड.

आज सोसायटीची मीटिंग झाली. गेटजवळचा रॅम्प तोडून तिथे दोन गाड्यांचं पार्किंग करायचं, एवढाच विषय. मी विचारलं, "मग माझी व्हीलचेअर बाहेर कशी निघणार?" सेक्रेटरी देशमुख म्हणाले, "ताई, वॉचमन उचलेल ना तुम्हाला. त्यात काय एवढं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "एका पांगळीसाठी सगळ्यांनी अडून बसायचं का?" चार-पाच जण हसले. पांगळी. शाळेत असताना रोज ऐकायचे. मधली कित्येक वर्षं निदान तोंडावर तरी कुणी म्हणत नव्हतं. आता परत म्हणतात, आणि वर "आम्ही आपलं स्पष्ट बोलतो" हेही.

मग मतदान. आमच्याकडे चिठ्ठ्या वगैरे नाहीत, नेहमीची पद्धत. "ज्यांचा विरोध आहे त्यांनी उभं राहा." मी हात वर केला. देशमुखांनी हॉलभर नजर फिरवली, माझ्यावरूनही. शेजारच्या मंदाताई खाली बघत राहिल्या. त्यांच्या नातीची बाबागाडी रोज त्याच रॅम्पवरून जाते. "कुणीच नाही," देशमुख म्हणाले. माझा हात वरच होता. किती वेळ ठेवला होता मी तो? आणि ओरडले का नाही?

आत्ता देशमुख सहीसाठी मीटिंगचं रजिस्टर घेऊन आले होते. "ठराव एकमताने मंजूर." त्यांचंच पेन घेतलं, 'एकमताने' खोडलं आणि त्याच हाताने खाली लिहिलं: एक विरोध. बसून.