माझा डेंग्यू

सोमवार, ८ जुलै
ताप १००.४. अंग दुखतंय. डोळ्यांच्या मागे दुखतंय का, हे लक्षण वाचेपर्यंत माहीत नव्हतं. आता दुखतंय. निदान: डेंग्यू. सुखदाचं म्हणणं, शनिवारी टीम आउटिंगला दुपारभर पूलमध्ये पडून होतास, सर्दी आहे. नवऱ्याचे आजार बायका हलक्यात घेतात. आमच्या एचएसआर लेआउटमध्ये घरटी एक पेशंट आहे. आमच्याच घराने मागे का राहावं.
संकल्प: घाबरायचं नाही. मारतहळ्ळीच्या ऑफिसात बसून तीन देशांतली टीम सांभाळतो, एक आजार सांभाळता येईल.

मंगळवार, ९ जुलै
डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह. टेस्ट चुकतात. प्लेटलेट्स दोन लाख तीस हजार, नॉर्मल. म्हणजे पडायच्या बाकी आहेत.
दिवसभर वाचन. डेंग्यूत माणसाला व्हायरसपेक्षा स्वतःची इम्यून सिस्टीमच जास्त छळते. ती जितकी खवळेल तितका आजार गंभीर. किती खवळलीय ते रक्तातल्या मार्कर्सवरून कळतं: आयएल-सिक्स, फेरिटिन वगैरे. आमच्या घराण्यात सगळेच तापट, त्यामुळे माझी केस गंभीर होणार हे उघड आहे. फुल प्रोफाइल करायला दिलं.

बुधवार, १० जुलै, दुपार
माझा ताप ९९. फसवा.
सुखदालाही ताप आलाय, १०२. घरात एकाला झालं की दुसऱ्याला असं होतं, मनाचं असतं. क्रोसिन घे म्हटलं. शिवाय तिला कॉलेजात असताना नागपूरला डेंग्यू होऊन गेलाय. एकदा झाला की शरीर तयार होतं, लस घेतल्यासारखंच. मला कधीच झालेला नाही, म्हणजे धोका मला. तिला हे नीट समजावून सांगितलं. हं म्हणाली आणि खिचडी टाकायला गेली.

गुरुवार, ११ जुलै
प्रोफाइलचा रिपोर्ट आला. सगळं रेंजमध्ये. आयएल-सिक्स इतका कमी की मशीनला मोजताच आला नाही. सिस्टीम शक्ती राखून आहे.
खिचडीत मीठ नव्हतं. सुखदा म्हणाली, तोंडाला चवच नाही. मीठ चमच्याने मोजता येतं, पण आजारी माणसाने वाद घालू नये.
संध्याकाळी शेजारच्या अहल्याअक्का आल्या. यांचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून इथे आले. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये कधी शिरतात कळत नाही. मी त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. त्या 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणत सुखदाकडेच बघत होत्या. जाताना म्हणाल्या, हिचंही रक्त तपासून घ्या. मी म्हटलं, एका वेळी एकच पेशंट बरा.

शनिवार, १३ जुलै
ताप नाही. नाक वाहतंय. डेंग्यूत नाक वाहत नाही असं एका ठिकाणी वाचलं. ती साइट बंद केली.
सुखदाने पपईच्या पानांचा रस काढून दिला. भयंकर कडू. दोन घोट घेतले, बाकी बेसिनमध्ये.
संकल्प: उद्यापासून पूर्ण ग्लास.

रविवार, १४ जुलै
सुखदाचा ताप उतरला. म्हटलंच होतं. आता घरात अधिकृतपणे एकच पेशंट.
तिचं पोट मात्र दुखतंय. दोनदा उलटी झाली. माझ्या काळजीने असणार. तिला म्हटलं, मी यातून बाहेर पडेन, तू मन घट्ट कर. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं म्हणाली. नवा ब्रश आणायला हवा.
रस आज नाही. ती झोपून होती.

सोमवार, १५ जुलै
सकाळी सुखदा स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. मला वाटलं, गार बरं वाटत असेल. तेवढ्यात अक्का डबा घेऊन आल्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि डबा ओट्यावर आपटला.
"हात बर्फ झालाय हिचा. पद्मनाभ, आता स्वल्पही थांबायचं नाही."
मी सांगितलं की ताप उतरलाय. गाडी त्यांनीच काढली. मी माझी फाइल घेतली.
हॉस्पिटलच्या दारात वॉचमनने व्हीलचेअर आणली. मी बसलो. अक्कांनी उठवलं.

मंगळवार, १६ जुलै
सुखदा आयसीयूत. डेंग्यू. प्लेटलेट्स बावीस हजार. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पोटात साठलंय, बीपी खाली. आयएल-सिक्स, फेरिटिन, दोन्ही भरमसाट. आठवडाभर माझ्या रिपोर्टमध्ये शोधत होतो ते सगळे आकडे तिच्या रिपोर्टमध्ये आहेत.
डॉक्टर सुप्रीता म्हणाल्या, डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. तिला पूर्वी झाला होता का, असंही विचारलं. मी म्हटलं, हो, म्हणून तर ती सुरक्षित. त्या म्हणाल्या, उलट. पहिल्या वेळच्या अँटिबॉडीज दुसऱ्या जातीच्या व्हायरसला अर्धवट ओळखतात आणि अडवण्याऐवजी आत घेतात.
मग त्यांनी विचारलं, ताप कधी उतरला, पोट कधीपासून दुखतंय, उलट्या किती, रक्त कुठून. मी सगळं क्रमाने सांगितलं. एकही गोष्ट चुकली नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही बारकाईने लक्ष ठेवलं होतंत."
या वाक्याचं काय करावं कळत नाही.

बुधवार, १७ जुलै
बीपी थोडं वर. काचेतून पाहिलं. झोपली होती. अक्कांनी इडली आणली. त्या काही बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर बरं.
माझी तब्येत विचारणारं कुणी नाही. मीही विचारलं नाही.

शनिवार, २० जुलै
सुखदा वॉर्डात आली. प्लेटलेट्स चढताहेत. अर्धी इडली खाल्ली, मीठ जास्त आहे म्हणाली. ऐकून इतका आनंद झाला की नर्सलाही सांगितलं.
दुपारी अपूर्व नावाचा संशोधक आला. रक्तातले कोणते मार्कर गंभीर डेंग्यूची आधी चाहूल देतात, याचा अभ्यास चालू आहे. गंभीर पेशंट, सौम्य पेशंट आणि निरोगी माणसं, असे तीन गट. सुखदा गंभीर गटात. मी माझंही नाव दिलं. सगळी केस सांगितली, फाइल दाखवली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली. म्हणाला, डेंग्यू नव्हताच, त्यामुळे पहिल्या दोन गटांत बसत नाही. आणि पंधरवड्यात ताप येऊन गेलाय, त्यामुळे निरोगी गटातही घेता येणार नाही.
सुखदा हसायला लागली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "हसवू नकोस रे, दुखतं."
मी म्हटलं, "पोट कधीपासून दुखतंय, ते मला माहीत होतं."
ती म्हणाली, "मलाही. मीही घरीच बसले ना."
अपूर्वने मला तिचा हात धरायला सांगितलं, शीर सापडत नव्हती. कोपरापासून मनगटापर्यंत हात निळा झाला होता. सुई आत जाताना तिने माझं बोट घट्ट धरलं. नंतरही सोडलं नाही, त्यामुळे हे डाव्या हाताने लिहितोय.
सकाळपासून घसा दुखतोय. कुणाला सांगितलेलं नाही.