भूखंड १४ वरील गाऱ्हाणे उतरवण्याबाबत

प्रति,
मा. सुनावणी अधिकारी,
अपूर्ण भूखंड कक्ष,
बोरिवली (पश्चिम)

विषय : गोराई खाडीकाठच्या गृहसंकुलातील अपूर्ण भूखंड वगळू नयेत व त्यांवर घातलेले गाऱ्हाणे उतरवताना आपण हजर राहावे, याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. २१ ऑक्टोबर २०२४. सुनावणी दि. २ डिसेंबर.

महोदय,

१. अर्जदार बाळ परब, वय बासष्ट, राहणार घाटकोपर, हा एका कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर एकतीस वर्षे बसून निवृत्त झाला आहे. लोकांचे अर्ज कोणत्या कपाटात जातात हे त्याला चांगले ठाऊक आहे. तरीही तो अर्ज करीत आहे, यावरून त्याची अवस्था ध्यानात यावी.

२. संकुलाचा पहिला टप्पा पुरा होऊन लोक राहायला आले. दुसऱ्या टप्प्यातील भूखंड क्र. १४ ते १९ आठ वर्षे भूमिपूजनापाशीच अडले आहेत. जागेवर काम आढळत नाही, सबब हे भूखंड वगळून तेथे वाहनतळ करावा, असे आपली नोटीस म्हणते. काम आढळत नाही हे खरे आहे. मात्र दोष भूखंडांचा नसून अर्जदाराच्या मसुद्याचा आहे.

३. भूमिपूजनाच्या दिवशी, कोकणच्या रिवाजाप्रमाणे, जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणे, म्हणजे सर्वांसमक्ष मागणे, घालण्याचा मान अर्जदारास मिळाला. 'सांभाळून घे' एवढे म्हटले असते तरी भागले असते. पण टेबलाची सवय नडली. "बा देवा म्हाराजा, सदर सहा भूखंडांवर अर्जदाराच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणाही परक्याचा पाय पडू देऊ नये, पडल्यास त्यास तात्काळ माघारी पाठवण्यात यावे," असे तो बोलून गेला. जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून मंजुरी दिली. त्याच आठवड्यात गवंडी गावी गेले ते परतलेच नाहीत. मुकादमाचा पाय मुरगळला. आपले पाहणी पथक तीनदा जेट्टीवरूनच मागे फिरले. अर्जदाराने आयुष्यात केलेल्या हजारो मसुद्यांपैकी शब्दशः अंमलात आलेला हा एकच. बाकीच्या पाच भूखंडधारकांना हे अद्याप सांगितलेले नाही, तरी या परिच्छेदाची प्रत त्यांना देऊ नये.

४. अर्जदाराची पत्नी वनमाला घाटकोपरच्या खोलीत अडतीस वर्षे राहते. तिथली एकुलती खिडकी शेजारच्या इमारतीच्या सांडपाण्याच्या पाइपासमोर उघडते. पाणी दिसणारी खिडकी देईन, असे अर्जदाराने लग्न ठरताना सांगितले होते. अर्जदाराच्या भूखंड १४ वर तिने आपल्या सुतार भावाकडून सागवानी खिडकीची चौकट उभी करून घेतली. तो घरचाच असल्याने त्याला काही झाले नाही. भिंत नाही, छप्पर नाही, चौकट आहे. दर रविवारी ती बोटीने जाऊन चौकटीमागे स्टुलावर बसते. काल ती म्हणाली, "गाऱ्हाना तुमी घातलात, आता उतरवा पन तुमीच. माका हय मोटारी नको, पानी होया." अर्जदारास फार लाज वाटली.

५. गावच्या जाणत्यांचे म्हणणे असे की, गाऱ्हाणे उतरवताना "व्हय म्हाराजा" म्हणणारे सगळे हजर हवेत. सात जण होते, बाकीचे भूखंडधारक त्यांत नव्हते. सहा येण्यास तयार आहेत. सातवे आपण. त्या वेळी आपण कनिष्ठ अभियंता होतात आणि पाहुणे म्हणून आला होतात. सर्वांत मोठा आवाज आपलाच होता.

तरी येत्या रविवारी, दि. २४ रोजी सकाळी दहा वाजता, आपण जागेवर यावे. पूर्वपरवानगी या अर्जानेच दिली आहे. नारळ अर्जदार आणील. नवे गाऱ्हाणे मात्र तो घालणार नाही, वनमाला घालील. तिला मसुदा करता येत नाही, नुसते मागता येते. आपण फक्त "व्हय म्हाराजा" म्हणावे, ही विनंती.

आपला नम्र, व यापुढे मोजकेच बोलणारा,
(सही)
बाळ गोविंद परब
घाटकोपर, दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) मूळ गाऱ्हाण्याचा मसुदा. (राखणदाराची पोच मिळालेली नाही.)
३) खिडकीची चौकट जोडता आली नाही. ती जागेवरच आहे. आपल्यासाठी दुसरे स्टूल ठेवले आहे.