माझ्या नावाची चिता

खासगी बाजार, ग्वाल्हेर
१२ नोव्हेंबर २०२२

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला बसले, पण ते वाक्य हातून उतरेना. तब्येती बऱ्या आहेत, एवढं खरं. थंडी पडू लागलीय, बाजारात तिळाची गजक आली आहे. भाऊजींना आवडते, जबलपूरला येणारं कुणी भेटलं की पाठवीन.

पत्र पाहून दचकली असशील. हे मला फोनवर बोलता आलं नसतं.

आधी चांगली बातमी. माझं दुकान पुन्हा उभं राहिलं. टाळेबंदीत लग्नं थांबली, मग कोण फॉल-पिको करतंय आणि कोण ब्लाउज शिवतंय? नंतर माझं आजारपण. अस्पतालातून आल्यावर कित्येक महिने मशीनवर बसले की धाप लागायची. शटरला गंज चढला होता. मग छोट्या दुकानदारांसाठी सरकारने कर्जाची योजना काढली, तारण नाही, व्याज थोडं. राघवने, तुझ्या मेहुण्याने, धावपळ केली. नवीन मशीन घेतलं, थकलेलं भाडं दिलं, आता हाताखाली दोन मुली आहेत.

त्यावर कमाल म्हणजे, ज्यांना ही मदत मिळाली त्यांचे फोटो दौलतगंजच्या वळणावर मोठ्या बॅनरवर लागले. त्यात मी! पिवळी साडी, मशीनपुढे हसतेय, खाली ठळक अक्षरांत नाव. समोरचा चहावाला म्हणतो, "सीमंतिनीजी, अब तो आप नेता हो गईं." मलाही मजा वाटत होती, खोटं कशाला सांगू.

त्या बॅनरमुळेच गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी एक माणूस दुकानात आला. चाळिशीचा असेल. दारातच उभा राहिला.

"तुम्हीच सीमंतिनी ना? मागच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत अस्पतालात होतात?"

मी हो म्हटलं.

"मी भालचंद्र. माझी आई तुमच्या शेजारच्या पलंगावर होती. सुलोचनाबाई."

ताई, मला इतका आनंद झाला! सुलोचनाबाईंबद्दल तुला कधी सांगितलं नव्हतं. त्या वॉर्डात कुणाचा चेहरा दिसत नव्हता, सगळे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. मराठीत बोलणाऱ्या त्या एकट्याच. त्यांचा पलंग खिडकीला लागून होता. एका सकाळी मला श्वास पुरेना, तर नर्सशी भांडून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तू इकडे ये पोरी, इथे वारा आहे." जागा बदलली. पुढे मी गुंगीत गेले. शुद्धीवर आले तेव्हा पलीकडे कुणी दुसरंच होतं. मी विचारलं, तर नर्स म्हणाली, "वो अम्मा घर चली गईं." मी देवाला हात जोडले होते.

म्हणून मी त्याला हसत विचारलं, "अगंबाई, कशा आहेत त्या?"

तो स्टुलावर बसला. 

"तेच विचारायला आलोय," म्हणाला. "आई परत आलीच नाही."

अस्पतालवाले त्याला रोज सांगत होते, पेशंट ठीक आहे. मग म्हणाले, दुसरीकडे हलवलंय. कुठे, ते कुणी सांगेना. सगळी अस्पतालं पालथी घातली, पोलिसांत तक्रार दिली. आईचा शेवटचा फोन तेवढा त्याच्याजवळ होता. ती म्हणाली होती, "शेजारी सीमंतिनी म्हणून एक पोरगी आहे, तिला माझी जागा दिली." एवढ्या एका नावावर तो मला शोधत होता. त्यांचा पापडाचा कारखाना दाल बाजारच्या मागे, सगळं आईच्या नावावर. जी मदत मला मिळाली तीच मागायला तो बँकेत गेला, तर म्हणाले, आईला आणा, नाहीतर तिच्या मृत्यूचा दाखला आणा. हरवलेल्या माणसाला सात वर्षं मेलेलं धरत नाहीत म्हणे. कारखाना बंद पडला, पापड लाटणाऱ्या बायका घरी बसल्या.

"कारखान्याचं जाऊ द्या," तो म्हणाला. "बायको रोज विचारते, आईंच्या फोटोला हार घालायचा का. काय सांगू?"

तेवढ्यात राघव जेवायला म्हणून आला. मी त्याला सगळं सांगू लागले. पलंग बदलल्याचं ऐकलं आणि त्याने भिंतीला हात टेकला. चेहरा असा झाला की मला वाटलं याला ॲटॅक आला. मी पाण्याला धावले, तर त्याने माझं मनगट धरलं. बघत मात्र भालचंद्राकडे होता.

"तुमच्या आईला अग्नी मी दिला," म्हणाला.

मशीनवरच्या मुलींचे हात थांबले.

ताई, त्याला अस्पतालातून फोन आला होता की तुमची मिसेस गेली. शिवलेली पिशवी, वर पलंगावरच्या चिठ्ठीतलं माझं नाव. तोंड दाखवायची परवानगी नव्हती. लांबूनच त्याने सगळं केलं. आणि तीन दिवसांनी नर्सच्या फोनवरून मी बोलले, "राघव, मला भूक लागलीय." तो रडत होता ते आठवतं मला. मला वाटलं, आनंदाने रडतोय.

"मग विचारलं नाहीस, ती कोण होती?" मी ओरडलेच.

"दोनदा विचारलं. त्यांनी मृत्यूची चिठ्ठी परत घेतली, म्हणाले, गडबड झाली, आपकी मिसेस ठीक हैं, घर ले जाइए. मग नाही विचारलं." त्याने माझं मनगट सोडलं. "भीती वाटायची, सीमा. वाटायचं, फार खोदलं तर चूक उलटी निघेल. म्हणतील, गेली ती तुझीच."

मला वाटलं भालचंद्र त्याच्या अंगावर जाईल. तो उठलाही. पण त्याने एवढंच विचारलं, "अस्थी?"

"चंबळेत सोडल्या. नाव माहीत नव्हतं, म्हणून आई म्हणूनच सोडल्या."

मग तो माणूस आमच्या दुकानात, कापडांच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून रडला. दीड वर्षाचं रडणं.  त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटत होतं, पण मला तो हक्क आहे की नाही तेच कळेना. तिच्या पलंगावर मी जगले ना.

नंतर राघव म्हणाला, त्या संध्याकाळी त्याने तुलाही फोन केला होता. तू माझ्या नावाने आंघोळ केलीस. मी घरी आल्यावर महिनाभर तुझा फोन नव्हता, याचा मला किती राग होता! आता कळतंय. जिला रडून मोकळी झालीस, तिच्याशी "बरी आहेस ना" म्हणून कसं बोलायचं?

राघवशी दोन दिवस मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच भालचंद्राला घेऊन पोलिसांत गेला आणि जे झालं ते सगळं लेखी दिलं, सहीनिशी. अस्पताल कानावर हात ठेवतंय. पण त्या वॉर्डातल्या एका नर्सने नोकरी सोडली आहे, ती बोलायला तयार झाली. वकील म्हणतो, दाखला मिळेल, वेळ लागेल. तोवर बँक कर्ज देणार नाही. भालचंद्राच्या कारखान्यातल्या दोन बायका आता माझ्याकडे काज-बटणाला येतात, तेवढं तरी मला करता आलं.

पुढच्या रविवारी भालचंद्र चंबळेवर आईचे विधी करणार आहे. राघवला त्याने स्वतः बोलावलंय. मला म्हणाला, "तुम्ही तर याच." मी जाणार आहे. पण ताई, मला धीर होत नाही. त्या बाईसाठी पहिले अश्रू तू गाळलेस, तुला तिचं नावही ठाऊक नव्हतं. तू बरोबर असावीस असं फार वाटतं.

फोन करू नकोस. शनिवारी रात्रीची गाडी धर आणि ये. मला एकदा नीट हात लावून बघ.

तुझी,
अजून असलेली,
सीमा