नळाच्या पाण्याने धुतलेलं निकेल

आचरा,
ता. १४ मे १९६६

प्रिय दत्ताराम,

सप्रेम नमस्कार. नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला ठेवशील. तरी वाच.

पंधरा दिवसांच्या रजेवर घरी आलोय. आईचे गुडघे सोडले तर सगळं ठीक. यंदा काजू बरा आला. परवा आईने बिया भाजायला काढल्या. टरफलाच्या तेलाने काळी पडलेली तिची बोटं पाहिली आणि मी उठून समुद्रावर गेलो. हल्ली मला एका जागी बसवत नाही.

आपल्या प्रयोगशाळेत परदेशातून एका नव्या सूचीचे जाड खंड आलेत. कुठल्या शोधनिबंधाचा संदर्भ जगात कोणी कोणी घेतला, ते त्यात सापडतं. ग्रंथपालाने माझ्या १९५९च्या निबंधापुढची नावं मोजली. त्रेचाळीस. काजूच्या टरफलाच्या तेलावर कमी उष्णतेत हायड्रोजन चढवणारा निकेलचा उत्प्रेरक, तोच निबंध. संचालकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, मला विभागप्रमुख केलं.

मग मी ते निबंध मिळवून वाचायला बसलो. त्रेचाळीसपैकी चौदांनी लिहिलंय की दिलेल्या कृतीने हा उत्प्रेरक तयारच होत नाही. एका जर्मन प्राध्यापकाचं तर पत्रच आलं. त्यांच्या विद्यार्थिनीची दोन वर्षं यात गेली. कृतीत काही लिहायचं राहिलंय का, असं त्यांनी फार सभ्यपणे विचारलं होतं.

काय राहिलंय ते तुला आणि मला माहीत आहे.

त्या दिवशी शुद्ध पाणी काढायचं यंत्र बिघडलं होतं, आणि तू निकेल नळाच्या पाण्याने धुतलंस. मी चिडलो, फेकून दे म्हणालो. तू फेकलं नाहीस. दुसऱ्या दिवशी हाताला धरून मला टेबलाशी नेलंस आणि म्हणालास, "गुरुदास, ह्या बघ. जास्त तापवूक लागला नाय. पाण्यातच काय तरी आसा."

महिन्याभरात तुझे वडील गेले. बहिणींसाठी तू काम सोडून जामसंड्याच्या शाळेत लागलास. जाताना वही माझ्या हातात दिलीस. काम पुरं कर, दोघांच्या नावाने छापू, एवढंच म्हणालास. मी पुरं केलं आणि एकट्याच्या नावाने छापलं. नळाचं पाणी लिहिलं असतं तर ते कोणाच्या लक्षात आलं हेही लिहावं लागलं असतं. म्हणून 'शुद्ध पाणी' लिहिलं. त्यानंतर तुझी दोन पत्रं आली. मी फोडली नाहीत.

मंगळवारी होडीने खाडी ओलांडून जामसंड्याला आलो होतो. तू ओट्यावर वाचत बसला होतास. केस पिकलेत तुझे. कुंपणाचं बेडं उघडायला हात नेला आणि तसाच परत फिरलो.

घरी आल्यावर आईने विचारलं, "दत्ताराम खंय आसा रे आता? तू तेचा नाव घेणस नाय." मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माका सांगून काय होतला? तेका सांग."

काल दुरुस्ती लिहून मासिकाकडे रजिस्टर्ड पाठवली. त्यात नळाचं पाणी आहे, तुझं नाव पहिलं आहे, आणि ते सात वर्षं का नव्हतं हेही आहे. एकेक प्रत संचालकांना आणि त्या प्राध्यापकांना गेली. पद राहील असं वाटत नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पोस्टातून बाहेर पडल्यावर दोनदा वाटलं, मागे जाऊन पाकीट परत मागावं. मागितलं नाही.

तुझी वही वेगळ्या पार्सलने येईल. मी रजेवर बावीस तारखेपर्यंत आहे. तू ये म्हटलंस तर येईन. काहीच कळवलं नाहीस, तर तेही तुझ्या जागी बरोबरच आहे.

आपल्या निबंधाचा दुसरा लेखक,
गुरुदास